परम्याचे गणित

साथींच्या गणिताशी मुंबईचे नाते जुने आहे. १९२७ साली कर्मॅक आणि मॅकेन्ड्रिक या संशोधकांनी साथींच्या प्रसाराची आपली प्रसिद्ध समीकरणे मांडली, तेव्हा ती पडताळायला त्यांनी मुंबईतल्या १९०५-०६ च्या प्लेगच्या मृत्यूंचे आकडे घेतले होते. प्लेगची साथ चढते, मग ओसरते. परमा (गनोरिया) हा लैंगिक संबंधांतून पसरणारा रोग मात्र ठाण मांडून बसतो. औषधाने बरा झालेला माणूस पुढच्याच आठवड्यात पुन्हा बाधित होऊ शकतो, कारण टिकाऊ प्रतिकारशक्ती येतच नाही. शिवाय कित्येक बायकांना लक्षणेच जाणवत नाहीत, त्यामुळे त्या दवाखान्याची पायरी चढत नाहीत.

अमेरिकेत १९७५ साली परम्याच्या नोंदी सुमारे १० लाखांपर्यंत गेल्या. त्या दशकात हर्बर्ट हेथकोट आणि जेम्स यॉर्क हे गणिती या रोगाकडे वळले. रोग टिकायचा तर एका रुग्णाकडून सरासरी एकाला तरी लागण व्हावी लागते. हा आकडा तीन गोष्टींच्या गुणाकारातून येतो: एका जोडीदाराला लागण होण्याची शक्यता, नवे जोडीदार किती वेगाने मिळतात, आणि लागण किती काळ अंगात राहते. बहुतेकांचे जोडीदार इतके थोडे असतात की हा गुणाकार एकाच्या खालीच राहतो. मग परमा जगतो कसा?

इथे सरासरी दगा देते. समजा, शंभरातल्या नव्वद जणांना वर्षाला एक जोडीदार आहे आणि दहा जणांना वीस. सरासरी २.९ येते. पण ज्याला वीस जोडीदार, त्याला लागण होण्याचा संभव मोठा आणि ती पुढे जाण्याचाही तितकाच मोठा. म्हणून जोडीदारांच्या संख्येच्या वर्गांची सरासरी काढून तिला साध्या सरासरीने भागावे लागते, आणि तसे केले की २.९ च्या जागी सुमारे १४ येतात. रॉबर्ट मे आणि रॉय अँडरसन या शास्त्रज्ञांनी १९८७ साली एचआयव्हीसाठी हेच सूत्र वापरले. रोगाला जिवंत ठेवणारा हा लहान घोळका म्हणजे हेथकोट-यॉर्क यांचा 'कोअर ग्रुप'.

या निष्कर्षाचा वापर वेश्याव्यवसायातल्या बायकांकडे बोट दाखवायला झाला, याचे मला फार वाईट वाटते. समीकरण नेमके उलटे सांगते. या घोळक्यातल्या एका व्यक्तीवर वेळेत उपचार झाले, तर तिच्या ओळखीच्याही नसलेल्या कितीतरी घरांतली लागण टळते. त्यांच्या वस्त्यांवर धाडी घातल्या की माणसे लपतात, उपचार लांबतात, म्हणजे गुणाकारातला तिसरा आकडा आपणच वाढवतो. सांगलीत १९९२ पासून 'संग्राम' संस्थेच्या कामात वेश्याव्यवसायातल्या बायका स्वतःच आपल्या वस्तीत कंडोम वाटू लागल्या. पुढे त्यांनी 'वेश्या अन्याय मुक्ती परिषद' उभी केली. पहिला आकडा त्यांनी कंडोमने खाली आणला, आणि गिऱ्हाइकाला नकार देण्याचे बळ संघटनेतून मिळवले.