समोरासमोर न आलेली औषधं

दोन औषधांची एकमेकांशी थेट चाचणी कधीच झालेली नाही, तरी त्यांतलं कुठलं सरस हे आकडेमोड करून ताडता येतं. ऐकताना हे अशक्य वाटतं. पण २०१८ साली ‘द लॅन्सेट’मध्ये ऑक्सफर्डचे आंद्रेआ चिप्रियानी आणि सहकाऱ्यांनी नैराश्यावरच्या २१ औषधांचा असाच हिशेब मांडला. ५२२ चाचण्या, १,१६,४७७ रुग्ण! एकवीस औषधांच्या जोड्या होतात २१०. प्रत्येक जोडीची वेगळी चाचणी घ्यायला पैसा आणि रुग्ण आणायचे कुठून? त्यावरचा तोडगा म्हणजे नेटवर्क मेटा-ॲनालिसिस.

त्या निबंधातली आकृती जरूर पाहावी. प्रत्येक औषध म्हणजे एक वर्तुळ. रुग्ण जास्त तेवढं ते मोठं. ज्यांची थेट चाचणी झाली त्यांना जोडणारी रेघ. चाचण्या जास्त तेवढी ती जाड. अनेक रेघा जाऊन मिळतात प्लासिबोला, म्हणजे औषध नसलेल्या, तशाच दिसणाऱ्या गोळीला.

समजा, ‘अ’ औषधानं प्लासिबोपेक्षा आजाराच्या तीव्रतेचे ३ गुण जास्त उतरले आणि ‘ब’नं २. मग ‘अ’ हे ‘ब’च्या एका गुणानं पुढे. इतकी साधी वजाबाकी! मात्र ‘अ’चे रुग्ण उचलून थेट ‘ब’च्या रुग्णांशी ताडायचे नाहीत, तसं केलं तर प्रत्येक चाचणीत चिठ्ठ्या टाकल्यासारखी केलेली रुग्णांची निष्पक्ष वाटणी मातीमोल होते. फरकातून फरक वजा करायचा. हायनर बुखर आणि सहकाऱ्यांनी १९९७ साली ही रीत मांडली. तिची किंमतही मोजावी लागते: दोन्ही फरकांत एकेका गुणाची अनिश्चितता असेल, तर उत्तरात ती सुमारे १.४ होते.

मला सगळ्यात थक्क करते ती या जाळ्याची स्वतःला तपासण्याची ताकद. ‘अ’ आणि ‘ब’ची थेट चाचणीही झालेली असेल, तर त्रिकोण पुरा होतो. थेट उत्तर आणि वळसा घालून आलेलं उत्तर जुळलं तर भरवसा वाढतो. नाही जुळलं तर कुठंतरी पाणी मुरतंय. कदाचित एका चाचणीत सौम्य आजाराचे रुग्ण होते, दुसरीत तीव्र. मग प्लासिबो हा समान दुवाच राहत नाही, आणि वजाबाकी बरोबर असूनही उत्तर चुकतं.

चिप्रियानींच्या हिशेबात सगळी २१ औषधं प्लासिबोपेक्षा प्रभावी ठरली. परिणामाच्या बाबतीत वर होतं जुनं ॲमिट्रिप्टिलिन, तळाला रिबॉक्सेटिन. पण हे निकाल साधारण आठ आठवड्यांच्या उपचारांचे, सरासरीचे. आणि पुराव्याची खात्री मध्यम ते अगदी कमी. सहन कुठलं होतं, याचा क्रम आणखी वेगळा. तेव्हा यादी वाचून स्वतःची गोळी बदलू नका, थांबवूही नका. प्रश्न घेऊन डॉक्टरांकडे जा.