तळ्यात काय सोडायचे?

पावसाने जोर धरला आणि बोड्या भरल्या की गोंदिया जिल्ह्यात मत्स्यबीजाची धावपळ सुरू होते. धानाच्या बांध्यांना वरच्या अंगाने पाणी देणारी घरची बोडी असो, शेततळे असो, की ढिवर मासेमारांच्या सोसायटीने ठेक्याने घेतलेला मामा तलाव, म्हणजे माजी मालगुजारी तलाव असो. बीज बहुतेक वेळा बाहेरून येते आणि पिशवीत येते.

ही पिशवी नीट पाहण्यासारखी असते. जाड प्लास्टिक, साधारण एक तृतीयांश पाणी, उरलेल्या जागेत सिलिंडरमधून भरलेला प्राणवायू आणि तोंड रबराने घट्ट आवळलेले. आत मत्स्यजिरे असतील तर हजारोंनी मावतात; बोटुकली मात्र मोजकीच. भरण्याआधी पिल्लांना काही तास उपाशी ठेवतात, कारण प्रवासात पाण्यात पडलेल्या विष्ठेतून अमोनिया तयार होतो आणि प्राणवायू शिल्लक असतानाही तो जीव घेऊ शकतो. उन्हाचा तडाखा टाळण्यासाठी वाहतूक शक्यतो रात्रीची. पोचल्यावर पिशवी लगेच फोडायची नाही. पंधरा-वीस मिनिटे ती तळ्यावर तरंगत ठेवायची, तापमान जुळले की तळ्याचे पाणी थोडे थोडे आत घ्यायचे आणि पिशवी आडवी करून पिल्लांना आपणहून बाहेर पडू द्यायचे. रात्रभरच्या प्रवासातून वाचलेले बीज काठावरच्या पाच मिनिटांच्या घाईने मरते.

पूर्वी हे बीज नदीतून गोळा होई. बंगालमधल्या नद्यांतले कटला, रोहू, मृगळ या कार्प माशांचे बीज मातीच्या हंड्यांत भरून रेल्वेने दूरदूर जाई आणि सोबतचा माणूस वाटभर हंडीतले पाणी हाताने ढवळत बसे. 10 जुलै 1957 रोजी ओडिशातल्या अंगुल येथे डॉ. हिरालाल चौधरी यांनी पियूषिका ग्रंथीचा अर्क टोचून भारतीय कार्प माशांचे प्रजनन घडवून आणले. मग बीज केंद्रांत तयार होऊ लागले. तो दिवस देशात राष्ट्रीय मत्स्यशेतकरी दिन म्हणून पाळतात.

बीज असे मागवून मिळू लागले की नवे काही तरी सोडून पाहावेसे वाटणे साहजिक आहे. क्रेफिशचा मोह त्यातलाच. झिंग्यासारखा दिसणारा, पुढे दोन दणकट नांग्या असलेला हा गोड्या पाण्यातला प्राणी. अमेरिकेत खासगी तळ्यात सोडायला तो जिवंत मागवतात. कल्ले ओले राहिले तर तो पाण्याबाहेरही बराच वेळ तगतो, त्यामुळे पाठवायला सोपा. भारतीय उपखंडातल्या नद्यांत तो मुळात नाही. इथे तो दिसतो शोभेच्या माशांच्या काचपेटीत. तिथेच तो राहू द्यावा.

कारण गोंदियाचे तलाव मातीच्या पाळीवर उभे आहेत. कोहळी समाजाने शेकडो वर्षांपूर्वी उतार जोखून बांधलेल्या या पाळींच्या भरवशावर आजही धान पिकते. लुइझियानाचा लाल क्रेफिश बिळे करून राहतो. 1973-74 मध्ये तो स्पेनमध्ये नेला गेला आणि ग्वादलक्विविर नदीकाठच्या भातपट्ट्यात सोडला गेला. त्यावर धंदा उभा राहिला हे खरे; पण त्याने बांध पोखरले, कोवळी रोपे खाल्ली आणि पुढे पोर्तुगालच्या भातखाचरांतही तो शिरला. केनियातल्या नैवाशा सरोवरात तो 1970 मध्ये सोडला गेला. तिथल्या पाणवनस्पतींच्या ऱ्हासात त्याचा मोठा वाटा मानला जातो.

बोडी सातबारावर एकाच्या नावावर असते, पण पावसाळ्यात ती एकाची राहत नाही. सांडवा वाहू लागला की वरच्या बोडीचे पाणी खालच्या बांधीत, तिथून तलावात, नाल्यात आणि शेवटी वैनगंगेच्या खोऱ्यात उतरते. त्या पाण्याबरोबर काय जाईल, हे बोडीमालकाच्या हातात उरत नाही. शिवाय क्रेफिश ओल्या जमिनीवरून चालत जातो. आफ्रिकन मांगूर हा मासा असाच तळ्यातळ्यांतून पसरला आणि बंदी असूनही हटेना. शेवटी 2019 मध्ये राष्ट्रीय हरित लवादाला त्याचे साठे नष्ट करायला सांगावे लागले.

नांग्यावालाच हवा असेल तर गोड्या पाण्यातला मोठा झिंगा आहे. त्याच्या अळ्या निमखाऱ्या पाण्याशिवाय जगत नाहीत, हे शाओ-वेन लिंग यांनी 1960च्या दशकाच्या सुरुवातीला मलेशियात शोधून काढले. म्हणून त्याच्या अळ्या वाढवायला निमखारे पाणी लागते आणि गोंदियाच्या बोडीपर्यंत त्याची पिल्ले पिशवीतूनच येतात. दरवर्षी बीज विकत घ्यावे लागते हा तोटा. पण बोडीत त्याची वीण वाढत नाही, म्हणून सांडव्यातून निसटला तरी तो खालच्या तळ्यांत ठाण मांडून बसत नाही. तळाशी जुनी कौले, पाइपचे तुकडे, फांद्या टाकाव्या लागतात. कात टाकल्यावर झिंग्याचे अंग मऊ पडते आणि आडोसा नसेल तर भाऊबंदच त्याला खातात.

पण तलाव वाचवायचा तर केवळ बीज मोजून भागत नाही. अर्जुनी मोरगाव तालुक्यात भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळाने ढिवरांसोबत, विशेषतः त्यांच्यातल्या महिलांसोबत, वेगळी वाट धरली. तलावातली बेशरम नावाची वनस्पती उपटायची, कोरड्या तळाची माती मोकळी करायची आणि तिथे देशी पाणवनस्पती रोवायच्या. काही वनस्पती पूर्ण बुडालेल्या, काहींची पाने पाण्यावर पसरणारी. माशांना अंडी घालायला, पिल्लांना लपायला जागा झाली आणि उतरणीला लागलेले देशी मासे पुन्हा जाळ्यात येऊ लागले. बाहेरून आणलेल्या कटला-रोहूशेजारी हे मासे तिथेच वाढतात आणि तिथेच अंडी घालतात.