चेंडू का पुसतात?

स्नूकरचा सामना रंगात आलेला असताना खेळाडू मध्येच पंचांना चेंडू पुसून मागतो. पंच चेंडूच्या जागी खूण करतात, मोजे घातलेल्या हातांनी तो पुसतात आणि पुन्हा तिथेच ठेवतात. हा नखरा नव्हे!

चेंडूला मारायच्या काठीच्या, म्हणजे क्यूच्या, टोकाला खडू लावतात. नाव खडू, पण त्यात असते सिलिका आणि कुरुंदाची पूड. १८९७ साली अमेरिकेत त्याचे पेटंट घेतले गेले. कॅरमची पावडर घर्षण कमी करते, हा खडू ते वाढवतो. त्यामुळे क्यू चेंडूवरून निसटत नाही. मात्र थोडा खडू चेंडूलाही चिकटतो.

दोन स्वच्छ, गुळगुळीत चेंडू आदळले की दुसरा जवळजवळ दोघांच्या केंद्रांना जोडणाऱ्या रेषेतच जातो. तिरक्या टकरीत नेमक्या स्पर्शबिंदूवर खडूचा कण सापडला, तर चेंडू क्षणभर एकमेकांना धरल्यासारखे होतात. स्पर्शरेषेच्या दिशेने जास्त बल लागते आणि चेंडू ठरलेली वाट सोडतो. खेळाडू याला ‘किक’ म्हणतात.

आजचे चेंडू फिनॉलिक रेझिनचे, बेकेलाइटच्या कुळातले. त्यांना कोमट पाणी, सौम्य साबण आणि मऊ कापड पुरते. चकाकीच्या मोहाने भांडी घासायची पूड वापरली, तर ओरखडे पडून घर्षण कायमचेच वाढायचे. पूर्वीच्या हस्तिदंती चेंडूंना मात्र पाणीही चालत नसे. ओलाव्याने त्यांची गोलाई बिघडे.