आरांचा, आरांचो, आरांचोने

माझ्या इटालियनच्या वर्गात काल एका मुलीने विचारलं, "सर, संत्र्याला आरांचा म्हणायचं की आरांचो?" माझा अगदी आवडीचा विषय!

फळ स्त्रीलिंगी, आरांचा. झाड पुल्लिंगी, आरांचो. सफरचंद मेला, त्याचं झाड मेलो. नाशपाती पेरा, झाड पेरो. बोलताना मात्र फळालाही सर्रास आरांचो म्हणतात.

रंगासाठी आरांचोने. आरांचोही चालतं, पण शिकणाऱ्यांनी आरांचोनेच धरावं, घोळ होत नाही.

आता खरी गंमत. संस्कृतातला नारंग फारसी-अरबीतून इटलीत पोचला. सुरुवातीचा 'न' तिथे गळला, व्हेनिसच्या बोलीत मात्र 'नारांसा' असा टिकला. म्हणजे आपल्या नारिंगीचंच हे भावंड!

नेपल्सकडे आणखी वेगळं. तिथे संत्रं म्हणजे 'पुर्तुआल्लो', चक्क पोर्तुगाल! गोड संत्री युरोपभर पसरवण्यात पोर्तुगीज व्यापाऱ्यांचा मोठा हात होता, त्याची ही खूण.

आणि सिसिली! तिथे भाताचे, आत मांसाचा खिमा किंवा चीज भरलेले गोळे कुरकुरीत तळतात. संत्र्यासारखे दिसतात म्हणून नावही त्यावरूनच. पालेर्मोत ते स्त्रीलिंगी, आरांचीना. कातानियात पुल्लिंगी, आरांचीनो, आणि बहुतेकदा टोकदार. यावरून दोन्ही शहरांत कडाक्याचे वाद होतात. फळाचं लिंग पाहिलं तर मला पालेर्मोचं म्हणणं पटतं.

एक लक्षात ठेवा: आपलं सहज सोललं जाणारं नागपुरी संत्रं तिकडे 'मांदारीनो' या गटात मोडतं. बाजारात आरांचा मागाल तर घट्ट सालीचं फळ मिळेल.

इटालियनमधल्या आणखी कुठल्या रंगाबद्दल वाचायला आवडेल? कमेंटमध्ये विचारा.