डुकरांच्या खोपटातलं वर्ष : काम, ज्ञान आणि विटाळ

आजच्या व्याख्यानाचा विषय फलकावर वाचून दोघा-तिघांनी मला आधीच विचारलं, "सर, आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलंत, आणि आता डुकरांवर बोलणार?" हो, डुकरांवरच बोलणार आहे. त्यातून मला एक प्रश्न सोडवायचा आहे. एखादं काम हलकं ठरतं, ते त्या कामामुळे की ते करणाऱ्या माणसामुळे? याचं उत्तर शोधायचं तर ते काम वर्षभर नेमकं असतं तरी कसं, हे आधी बघावं लागेल. न बघता दिलेला निवाडा तर्कशास्त्रात टिकत नाही.

आपण असोद्यात बसलो आहोत, त्यामुळे माझं काम थोडं सोपं आहे. हे बहिणाबाईंचं माहेर. १८८० साली इथे जन्मलेल्या या बाईला लिहिता-वाचता येत नव्हतं. तिचं शहाणपण शेतातल्या आणि घरातल्या कामातून आलं, हे आपण मान्य करतो, पाहुण्यांना अभिमानानं सांगतो. माझं म्हणणं एवढंच, की हाच न्याय जरा पुढे न्या. जात्यापाशी ज्ञान असतं, नांगरापाशी असतं, तर डुकराच्या खोपटापाशी का नसावं?

जनावराचं गणित

एक कुटुंब डोळ्यासमोर आणा. नवरा, बायको, म्हातारी सासू, दोन शाळकरी मुलं. घरामागे शेड. त्यात सहा माद्या, एक नर आणि कमी-जास्त होत राहणारी पिल्लं. कुटुंब मी उदाहरणासाठी घेतलं आहे, पण त्याचं वेळापत्रक माझ्या मनातलं नाही. ते जनावराच्या शरीरानं ठरवलेलं आहे.

डुकरीण साधारण ११४ दिवस गाभण असते. पाळणारे ते सोप्या हिशोबानं लक्षात ठेवतात: तीन महिने, तीन आठवडे, तीन दिवस. व्याल्यावर सहा ते आठ आठवडे पिल्लं अंगावर पितात. दूध तोडलं की आठवड्याभरात ती पुन्हा माजावर येते. ती वेळ हुकली तर पुढचा माज २१ दिवसांनी. म्हणजे नीट लक्ष ठेवलं तर एका मादीची वर्षात दोन वेतं. सहा माद्यांची बारा. सरासरी दर महिन्याला घरात एक बाळंतपण! आता सांगा, हे घर लग्नाला, यात्रेला सगळं मिळून कधी जात असेल? कोणीतरी एक मागे राहतोच.

रोजचा दिवस पहाटे पाण्यापासून सुरू होतो. पिल्लांना पाजणाऱ्या मादीला दिवसाला वीस लिटरच्या वर पाणी लागतं, उन्हाळ्यात आणखी जास्त. मग शेण काढणं, फरशी धुणं. इथे पहिला समज खोटा ठरतो. पुरेशी जागा दिली तर डुक्कर झोपायच्या जागी घाण करत नाही. एक कोपरा ठरवून घेतं आणि तिथेच जातं. गाय-म्हैस हे करत नाही, पण अस्वच्छ म्हणायचं ते डुकराला.

त्यानंतर खाणं. मक्याचा भरडा, गव्हाचा कोंडा, सोयाबीनची पेंड, क्षारांचं मिश्रण. रावेर-यावलकडे बाजारात न चालणारी केळी मिळाली तर तीही. आपल्या खान्देशात गुरांना सरकीची पेंड घालायची सवय आहे. डुकराला ती घालून चालत नाही, कारण सरकीत गॉसिपॉल नावाचं द्रव्य असतं. रवंथ करणारं जनावर ते बऱ्याच अंशी पचवतं. डुकराचं पोट एकाच कप्प्याचं, आपल्यासारखं. त्याला ते बाधतं. एकाच गावात, एकाच दुकानातली पेंड एका गोठ्यात खाद्य आणि दुसऱ्या गोठ्यात विष. हा भेद ज्याला कळतो त्याला आपण अडाणी म्हणायचं का?

उन्हाळा

आखाजीला आपल्याकडे सालदाराचं जुनं साल संपतं आणि नवं सुरू होतं. त्या सुमाराला जळगाव-भुसावळचा पारा ४५ अंशांकडे गेलेला असतो. डुकराला आपल्यासारखा घाम येत नाही. अंगातली उष्णता बाहेर टाकायला त्याला बाहेरून ओलावा लागतो. स्वच्छ पाणी मिळालं तर पाणी, नाही मिळालं तर चिखल. चिखल अंगावर हळूहळू वाळतो, त्यामुळे गारवा जास्त वेळ टिकतो आणि कातडीचं उन्हापासून रक्षणही होतं. यॉर्कशायरसारख्या पांढऱ्या जातीची कातडी उन्हानं अक्षरशः भाजते. म्हणजे चिखलात लोळणं हा त्याचा दुर्गुण नाही, तो त्याचा उपाय आहे. आपण कूलरसमोर बसतो, ते चिखलात बसतं.

या दिवसांत घरातल्यांचं काम दुप्पट होतं. छपरावर तुराट्या-पऱ्हाट्यांचा थर टाकायचा, गोणपाट भिजवायचे, दुपारी दोन-तीनदा पाणी मारायचं. खाणं पहाटे आणि रात्री घालायचं, कारण भर उन्हात जनावर खात नाही. नराला फार तापू द्यायचं नाही. तो एकदा तापला की त्याची प्रजननक्षमता पुढे महिना-दीड महिना कमी राहते. वैशाखातल्या दुर्लक्षाचा हिशोब भाद्रपदात-आश्विनात कमी पिल्लांच्या रूपानं समोर येतो. कारण आणि कार्य यांत इतकं अंतर असताना त्यांचा संबंध जोडता येणं, याला आम्ही वर्गात अनुमान म्हणत होतो.

पावसाळा

पाऊस आला की लोकांना वाटतं, आता डुकरांची मजा. तसं नसतं. उन्हातला चिखल औषध असतो, पावसातली सततची ओल आजार असते. आपली काळी जमीन पाणी धरून ठेवते. शेडभोवती चर खणला नाही तर खुरं सडतात, पिल्लांना हगवण लागते. जंताचं औषध आणि स्वाइन फीव्हरची लस वेळेवर द्यावी लागते. डास वाढतात, आणि जपानी मेंदूज्वराचा विषाणू डुकरात वाढून डासांमार्फत माणसापर्यंत येऊ शकतो. म्हणून शेड घराला खेटून नको आणि डबकी नकोत. हे सगळ्यात आधी कळायला हवं ते पाळणाऱ्याला, कारण सगळ्यात जवळ त्याचीच मुलं झोपतात.

याच दिवसांत पोळा येतो. बैलाला न्हाऊ घालतो, शिंगं रंगवतो, पुरणपोळी खाऊ घालतो. फार सुंदर सण आहे. वर्षभर राबलेल्या जनावराचे आभार मानणारी संस्कृती मोठीच म्हटली पाहिजे. त्या दिवशी आपल्या उदाहरणातलं कुटुंबही सकाळी उठून शेण काढतं, पाणी भरतं, भरडा भिजवतं. हात तसेच, शेण तसंच, कष्ट तितकेच. एका गोठ्यातल्या माणसाला आपण शेतकरी म्हणतो. दुसऱ्याला काय म्हणतो, ते या सभागृहात मी उच्चारत नाही. तुम्हाला माहीत आहे.

हिवाळा

भरताच्या वांग्यांचे दिवस सुरू होतात. शेतात शेकोट्या पेटतात. डुकरांच्या शेडमध्ये मात्र वर्षातलं सगळ्यात नाजूक काम चाललेलं असतं. नुकत्याच जन्मलेल्या पिल्लाला ३२ ते ३४ अंशांची ऊब लागते, आणि त्याच्या आईला वीस अंशांच्या आसपास बरं वाटतं. एकाच खणात दोन हवामानं सांभाळायची! मग कोपऱ्यात पिल्लांसाठी पेटी करायची, कोरडा पेंढा घालायचा, वर बल्ब लावायचा. आई आडवी होताना पिल्लं चिरडू नयेत म्हणून भिंतीपासून थोडं अंतर सोडून आडवा पाइप बसवायचा. व्यायच्या आदल्या दिवशी मादी पेंढा तोंडानं गोळा करून जागा करायला लागते. ते बघून घरातली बाई ओळखते, की आज रात्री जागायचं आहे.

पिल्लं जन्मली की पहिल्या काही तासांत प्रत्येकाच्या पोटात चीक गेला पाहिजे. दोन-तीन दिवसांत प्रत्येक पिल्लू आपलं ठरलेलं आचळ धरतं आणि दूध तुटेपर्यंत सहसा तेच पितं. अशक्त पिल्लाला सुरुवातीलाच दूध जास्त असलेल्या पुढच्या आचळाला लावावं लागतं. डुकरिणीच्या दुधात लोह कमी, आणि सिमेंटच्या फरशीवर माती उकरून ते मिळत नाही, म्हणून पहिल्या आठवड्यातच लोहाचं इंजेक्शन. असं जपलेलं सुधारित जातीचं पिल्लू आठ-नऊ महिन्यांत ८०-९० किलोच्या आसपास भरतं. मग व्यापारी येतो.

पुढे काय होतं ते लपवण्यात अर्थ नाही. जनावर कत्तलीला जातं. तुमच्यापैकी पुष्कळ जण माळकरी आहेत. तुम्ही खाऊ नका, खावं असं मी म्हणतही नाही. पण मांस खावं की नाही हा एक प्रश्न, आणि डुक्कर पाळणाऱ्याला माणूस म्हणून शेजारी बसवायचं की नाही हा अगदी वेगळा प्रश्न. पहिल्याचं उत्तर दुसऱ्याला चिकटवलं की तर्कदोष होतो. आपल्या समाजानं तो शतकानुशतकं केला.

घाण कोणाची?

इंग्लंडमधल्या जॉन स्टुअर्ट मिलनं आपल्या उपयुक्ततावादावरच्या पुस्तकात तृप्त डुक्कर आणि अतृप्त माणूस यांची तुलना केली, हे तत्त्वज्ञानाच्या विद्यार्थ्यांना पाठ असतं. डुकराला तृप्त व्हायला काय लागतं, हे मात्र त्यात गृहीत धरलेलं आहे. पाळणाऱ्याला विचारा. तो सांगेल, नुसतं पोट भरून डुक्कर शांत राहत नाही. त्याला उकरायला, हुंगायला, चघळायला काहीतरी लागतं, नाहीतर ती एकमेकांच्या शेपट्या चावतात. फार चौकस जनावर आहे ते.

मग ते गटारात का दिसतं? कारण आपण त्याला तिथे ठेवलं. ज्याच्याकडे गुंठाभर जमीन नाही, भरडा विकत घ्यायला पैसे नाहीत, तो जनावर मोकळं सोडतो. मोकाट डुक्कर शेतात घुसतं, नुकसान करतं, ही तक्रार खरी आहे. पण त्याचं मूळ पाळणाऱ्याच्या भूमिहीनतेत आहे. आणि डुकरातला तो कुप्रसिद्ध पट्टकृमी? त्याची अंडी माणसाच्या विष्ठेतून डुकराच्या पोटात जातात. उघड्यावर माणूस बसला नाही, तर डुकराला तो कृमी होत नाही. घाण आपली आणि बदनामी त्याची.

नागराज मंजुळे यांचा 'फँड्री' तुम्ही पाहिला असेल, २०१३ सालचा. फँड्री म्हणजे कैकाडी बोलीत डुक्कर. त्यातल्या जब्याच्या घराला डुकरं धरायला लावणारं गाव स्वतः डुकराला हात लावत नाही. काम व्हायला हवं, करणारा दिसायला नको. डॉ. आंबेडकरांनी १९३६ सालीच दाखवून दिलं होतं, की जात ही श्रमांची विभागणी म्हणून थांबत नाही, ती श्रम करणाऱ्या माणसांचीच विभागणी करते. आणि कागदावरची गंमत बघा. हाच कैकाडी समाज शेजारच्या बुलढाणा जिल्ह्यात अनुसूचित जातीत मोडतो, आणि आपल्या जळगाव जिल्ह्यात विमुक्त जातीत. जिल्ह्याची हद्द ओलांडली की कागद बदलतो. वाट्याला येणारी नजर बदलत नाही.

नाव बदललं, पुढे?

अलीकडे एक नवी गोष्ट घडते आहे. सरकारी भाषेत या धंद्याला 'वराहपालन' म्हणतात. शब्द मोठा. विष्णूचा तिसरा अवतार वराह, त्याची मंदिरं आहेत. २०२१ मध्ये सुधारलेल्या राष्ट्रीय पशुधन अभियानात १०० माद्या आणि १० नर अशा प्रकल्पाला भांडवली खर्चाच्या ५० टक्के, जास्तीत जास्त ३० लाख रुपये अनुदान ठेवलं. चांगली गोष्ट आहे. पण उरलेले पैसे, जमीन, तारण हे कोणाकडे असतं? सहा माद्या सांभाळणाऱ्या घराकडे नसतं.

धोकाही आहे. २०१९ च्या पशुगणनेत देशातली डुकरं सुमारे ९० लाख, आधीच्या गणनेपेक्षा १२ टक्के कमी. त्यानंतर २०२० मध्ये आसाम-अरुणाचलात आफ्रिकन स्वाइन फीव्हर आला. माणसाला तो होत नाही, पण डुकरांचे कळपच्या कळप जातात. हॉटेलचं खरकटं नीट उकळून न घालणं, हा त्याच्या पसरण्याचा एक मोठा मार्ग. मोठ्या प्रकल्पाला हा फटका कदाचित सोसेल. छोट्या घराचं वर्ष एका आठवड्यात संपतं.

म्हणून माझी भीती अशी आहे. डुकराचा विटाळ भांडवलानं धुऊन निघेल, उच्चभ्रू माणूस 'वराह उद्योजक' म्हणून सत्कार घेईल, आणि पिढ्यान्‌पिढ्या ज्यांनी तो विटाळ अंगावर वागवला, ते त्याच्या शेडमध्ये रोजंदारीवर शेण काढतील. तसं झालं तर काम हलकं नव्हतं हे सिद्ध होईल, पण न्याय झाला असं म्हणता येणार नाही.

उपाय अवघड नाहीत. पाच-दहा माद्यांच्या घराला पुरेल असं छोटं कर्ज. गावठाणाबाहेर शेडसाठी जागा. लस घेऊन दारात येणारा पशुवैद्यक. यातलं काही ग्रामसभेत मांडता येतं, आणि ग्रामसभेत आपण सगळेच बसतो. पुढच्या सभेत हा विषय निघाला, तर तो मांडणाऱ्याला आधी बसायला खुर्ची द्या आणि त्याचं बोलणं पूर्ण ऐका. या कामातलं त्याला आपल्यापेक्षा जास्त कळतं.

इथे थांबतो. प्रश्न असतील तर जरूर विचारा.