पोथीपासून 'किशोर'पर्यंत

मराठवाड्यातल्या खेड्यांत मुलांच्या वाट्याला आलेले पहिले वाङ्मय मोठ्यांसाठी रचलेले होते. बिडकीन हे संभाजीनगर-पैठण रस्त्यावरचे गाव. पैठण एकनाथांचे, म्हणून या पट्ट्याला भागवत आणि भारुडे जवळची. जोडीला श्रीधरांचे 'हरिविजय' (१७०२) आणि 'पांडवप्रताप' (१७१२). चातुर्मासात पोथी लागली की अक्षरे लावता येणाऱ्या पोराला वाचायला बसवण्याची रीत जुनी. अर्थ सगळा उमगत नसे, पण ओवी आणि कथा कानात मुरत.

खास मुलांसाठी 'बालबोध' (१८८१) आणि वा. गो. आपट्यांचे 'आनंद' (१९०६) ही मासिके निघाली, ती मुंबई-पुण्याकडे. निजामाच्या राज्यातल्या मराठवाड्यात माध्यमिक शिक्षण उर्दूतून होई. तिथे मराठी मासिकाची वर्गणी भरणारी घरे विरळाच.

पोथी वाचणारे मूल पोथीचेच होऊन राहते, हा समज मात्र चुकीचा. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या घरी कबीरपंथी वडील मुलांकडून रामायण-महाभारत वाचून घेत. ते परीक्षा उत्तीर्ण झाल्यावर कृष्णाजी अर्जुन केळुसकरांनी आपले बुद्धचरित्र त्यांना भेट दिले. ते वाचून झाल्यावर बाबासाहेबांनी वडिलांना विचारले, की ब्राह्मण-क्षत्रियांची थोरवी आणि शूद्रांची अवहेलना सांगणारे ग्रंथ आम्हाला का वाचायला लावता? आधी दटावणी झाली. पुढे उत्तर मिळाले, की द्रोण, कर्ण, वाल्मीकी कुठून कुठे पोचले ते पाहा, म्हणजे मनातला न्यूनगंड जाईल. मुलाचे समाधान झाले नाही. 'बुद्ध आणि त्यांचा धम्म'साठी लिहिलेल्या प्रस्तावनेत ही हकीकत त्यांनीच सांगितली आहे. बालपणीच्या वाचनाचा प्रभाव मोजताना पटलेल्या पुस्तकांइतकीच न पटलेली पुस्तकेही धरावी लागतात, ती अशी. (पोरांनी काय वाचावे याच्या याद्या करणाऱ्यांना हे सहसा सुचत नाही.)

बुद्धचरित्राच्या त्या भेटीचा धागा पुढे मराठवाड्यात आला. १९५० मध्ये औरंगाबादेत (आजचे छत्रपती संभाजीनगर) बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीचे महाविद्यालय सुरू झाले. त्याला नाव मिळाले बौद्ध ग्रंथातल्या प्रश्नकर्त्या मिलिंद राजाचे, तर परिसराला उत्तर देणाऱ्या नागसेनाचे. इथल्या वातावरणात दलित साहित्याची एक पिढी लिहिती झाली. प्रा. गंगाधर पानतावणे यांचे 'अस्मितादर्श' हे नियतकालिकही याच शहरातले.

इकडे मुलांच्या वाचनाची वाटही रुंदावत होती. १९४८ मध्ये हैदराबाद संस्थान मुक्त झाल्यावर मराठी शाळा वाढल्या. १९६७ च्या ग्रंथालय कायद्याने गावोगावच्या वाचनालयांना शासकीय मान्यता आणि अनुदानाची वाट मोकळी झाली. त्याच वर्षी राज्याची पाठ्यपुस्तके काढणारी संस्था 'बालभारती' स्थापन झाली आणि नोव्हेंबर १९७१ पासून तिचे 'किशोर' मासिक निघू लागले. पाठ्यपुस्तकाबाहेरचे वाचन त्यामुळे स्वस्तात खेड्यांपर्यंत पोचले. आता 'किशोर'चे जुने अंक 'बालभारती'ने संकेतस्थळावर मोफत ठेवले आहेत. बिडकीनच्या मुलाला ते घरातल्या मोबाइलवर उघडता येतात. मात्र तोच मोबाइल व्हिडिओंसाठीही हवा असतो, आणि पोथीच्या वेळी शेजारी बसून ऐकणारे घर तिथे क्वचितच असते.