'सैराट' चित्रपट आणि प्रेक्षकांचे अभिप्राय : एक विवेचन

प्रस्तावना :
नागराज मंजुळे दिग्दर्शित 'सैराट' हा मराठी चित्रपट २९ एप्रिल २०१६ रोजी प्रदर्शित झाला. या प्रेमकथेला अफाट लोकप्रियता लाभली, तसेच परस्परविरोधी अभिप्रायही मिळाले. प्रस्तुत लेखात या मतभेदामागील कारणाचे विवेचन केले आहे.

विषय विवेचन :
पाटलाची मुलगी आर्ची व मासेमारी करणाऱ्या कुटुंबातील परशा यांचे प्रेम आणि पलायन हा चित्रपटाचा कथाविषय होय. काही प्रेक्षकांच्या मते यात जातिवास्तवाचे निर्भीड चित्रण आहे. तर काहींच्या मते हा चित्रपट तरुणांना पळून जाण्यास उद्युक्त करतो. वस्तुतः या पलायनाची परिणती दोघांच्या हत्येत होते. पूर्वार्धात अजय-अतुल यांच्या 'झिंगाट' गीतावर नाचणारा प्रेक्षक शेवटच्या निःशब्द दृश्याने सुन्न होतो.

जॅक देमी यांच्या 'द अम्ब्रेलाज ऑफ शेरबुर्ग' (१९६४) या फ्रेंच चित्रपटातही गीतांतून फुललेले प्रेम विफल होते. तेथे अल्जीरियाच्या युद्धामुळे प्रेमिकांची ताटातूट होते. त्यामुळे प्रेक्षक हळहळतो, परंतु त्यास स्वतःकडे पाहावे लागत नाही. 'सैराट'मध्ये मात्र मारेकरी आर्चीच्या माहेरचेच असतात आणि प्रेक्षकही कुणाचा तरी पिता वा भाऊ असतो.

समारोप :
सारांश, मुलीला स्वतःचा जोडीदार निवडण्याचा अधिकार आहे काय, हाच या मतभेदाचा गाभा आहे. चित्रपटगृहात आर्चीला दाद देणारा प्रेक्षक आपल्या घरात या प्रश्नाचे काय उत्तर देतो, यावरून त्याचा खरा अभिप्राय कळतो.